सुई रेसलरची, हिशेब कुणाचा? डब्ल्यूडब्ल्यूई आणि स्टेरॉइड्स

पंचकडी

24 जुलै 2025 रोजी डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी करमणूक-कुस्तीच्या कंपनीचा गाजलेला रेसलर हल्क होगन गेला, वयाच्या 71 व्या वर्षी. श्रद्धांजल्यांचा पूर आला आणि त्यात 1991 ते 1994 ही वर्षं बहुतेकांनी गाळून टाकली. मला तीच वर्षं महत्त्वाची वाटतात, म्हणून हा धागा.

थोडक्यात घटनाक्रम. पेनसिल्व्हेनियातल्या हॅरिसबर्गचा डॉक्टर जॉर्ज झहोरियन हा राज्याच्या ॲथलेटिक कमिशनने रिंगसाइडला नेमलेला डॉक्टर. लढतीआधी रेसलरांचा रक्तदाब तपासायचा, प्रकृती बघायची, हे त्याचं सरकारी काम. त्याच ड्रेसिंग रूममध्ये तो स्टेरॉइड्स (स्नायू झपाट्याने वाढवणारी औषधं) विकायचा, आणि एरवी मागणी येईल तशी पाकिटं कुरियरने पाठवायचा. जून 1991 मध्ये तो दोषी ठरला. 1988 च्या केंद्रीय कायद्याखाली स्टेरॉइड्स वाटल्याबद्दल दोषी ठरलेला हा पहिलाच डॉक्टर. त्याच्या गिऱ्हाइकांत होगन आणि रॉडी पायपर होते.

पुढच्याच महिन्यात होगन आर्सेनियो हॉलच्या कार्यक्रमात गेला आणि दुखापतीवरच्या उपचारापुरतं डॉक्टरी देखरेखीखाली घेतलं, त्यापलीकडे काही नाही, असं त्याने देशाला सांगितलं. जुलै 1994 मध्ये कंपनीचा मालक विन्स मॅकमहन याच्यावर स्टेरॉइड्स वाटल्याच्या आरोपावरून चाललेल्या खटल्यात, स्वतःवर कारवाई होणार नाही अशी हमी मिळाल्यावर, त्याच होगनने शपथेवर कबूल केलं की दहा वर्षांहून जास्त काळ तो स्टेरॉइड्स घेत होता. मॅकमहनने कधी 'घे' म्हणून सांगितलं नाही, असंही तो म्हणाला. 22 जुलैला मॅकमहन सुटला.

माझं म्हणणं सरळ आहे. हा माणूस लहान पोरांना सांगायचा की प्रार्थना म्हणा, व्हिटॅमिन घ्या. कुणी त्याचा दंड धरून सुई टोचली नव्हती. पैसा त्याचा, शरीर त्याचं, खोटंही त्याचंच. मग दर वेळी 'व्यवस्थाच तशी होती' म्हणून रेसलरला का सोडायचं?

अरुंधती_पै

पंचकडी, होगनच्या खोट्याबद्दल वाद नाही. पण 'मॅकमहन सुटला' याचा अर्थ नीट लावू या.

खटल्यात आरोप दोन प्रकारचे होते. प्रत्यक्ष वाटपाचे आरोप न्यायाधीशांनीच ज्यूरीपर्यंत जाऊ दिले नाहीत, कारण ते व्यवहार त्या न्यायालयाच्या हद्दीत, म्हणजे लाँग आयलंड भागात, झाल्याचा पुरावा सरकारला देता आला नाही. उरला कटाचा आरोप, तो ज्यूरीला सिद्ध झालेला वाटला नाही. रेसलर केविन वॉकहोल्झ, म्हणजे 'नेल्झ', याने मॅकमहनने आपल्याला स्टेरॉइड्स घ्यायला सांगितलं अशी साक्ष दिली होती, पण त्याचं कंपनीशी आधीच भांडण झालं होतं, त्यामुळे त्या साक्षीला वजन आलं नाही. कंपनीला काही माहीत नव्हतं, असा निष्कर्ष या निकालातून निघत नाही.

उलट खटल्यात आलेला डिसेंबर 1989 चा एक अंतर्गत मेमो बघा. विन्सच्या पत्नी लिंडा मॅकमहन यांनी कंपनीतल्या पॅट पॅटरसनला लिहिलेला. सार असं, की झहोरियनला यापुढे कार्यक्रमांना बोलावू नये, आणि त्याच्यामागे चौकशी लागण्याची शक्यता आहे हे त्याला कळवावं. कंपनी अंतर राखत होती आणि त्याच वेळी त्याला सावधही करत होती.

आणखी एक गोष्ट सहसा सुटते. त्याच 1989 साली कंपनीने न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे मान्य केलं की हा खरा मुकाबला नाही, करमणूक आहे. हेतू पैशाचा होता, ॲथलेटिक कमिशनचे कर आणि परवाने टाळण्याचा. पण कमिशनबरोबर बाहेरच्या डॉक्टरची देखरेखही गेली. तो डॉक्टर झहोरियनसारखा निघू शकतो हे खरं, पण त्या जागी बरा माणूस नेमण्याची सोय तरी होती. करमणूक ठरल्यावर उत्तेजक चाचणी कोण करणार? कंपनीच. कंपनीची मर्जी असेल तेव्हा.

दवंडी

मर्जीचा मुद्दा अगदी बरोबर, आणि त्याचा पुरावा रिंगमध्येच दिसतो.

झहोरियन प्रकरणानंतर डब्ल्यूडब्ल्यूएफने (कंपनीचं तेव्हाचं नाव) बाहेरचा तज्ज्ञ डॉक्टर घेऊन खरीखुरी चाचणी सुरू केली. 1992 मध्ये अल्टिमेट वॉरियर आणि ब्रिटिश बुलडॉग दोघांनाही घरी पाठवलं. 12 ऑक्टोबर 1992 ला कॅनडात सास्काटूनला ब्रेट हार्टने रिक फ्लेअरकडून विजेतेपद घेतलं. त्यानंतर ब्रेट, शॉन मायकल्स असे तुलनेने लहान चणीचे, तंत्रात पक्के लोक वर आले. 1996 मध्ये सरसकट चाचणी बंद झाली, आणि पुढच्या काही वर्षांत पडद्यावर पुन्हा फुगलेली शरीरं.

पंचकडी, रेसलर तेच होते, त्यांचं चारित्र्य चार वर्षांत सुधारून पुन्हा बिघडलं नव्हतं. कंपनीने कोणत्या शरीराला वर चढवायचं ते बदललं. सुई रेसलर टोचतो हे खरं, पण कोणत्या दंडाला किती पैसे हा भाव तो ठरवत नाही.

पंचकडी

दवंडी, हे उदाहरण चांगलं आहे, मान्य. पण त्याच काळात ब्रेट हार्टसारखे लोक होतेच ना, कमी आकारात, वर्षानुवर्षं काम करणारे? म्हणजे नाही म्हणता येत होतं.

दवंडी

येत होतं, पण मधल्या फळीत राहण्याची तयारी ठेवून. चाचणी येईपर्यंत ब्रेट टॅग टीम आणि इंटरकॉन्टिनेंटल या दुय्यम पट्ट्यापुरताच होता. त्याला किंमत द्यावी लागली नाही असं म्हणू नका.

हेमंगी_रसायन

शरीरात नेमकं काय होतं ते सांगते, म्हणजे 'घेतलं तर घेतलं' असं वाटणार नाही.

ज्या पुरुषाच्या शरीरात आजारामुळे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन खरंच कमी आहे, त्याला त्याचंच इंजेक्शन (एनांथेट किंवा सायपिओनेट) आठवड्याला 75 ते 100 मिलिग्रॅम देतात. शरीर कमावण्यासाठी घेणारे याच्या अनेक पट घेतात, आणि एकच औषध नाही, दोन-तीन एकत्र: टेस्टोस्टेरॉन, सोबत नँड्रोलोन, वर तोंडाने घ्यायची मेथँडिएनोन, स्टॅनोझोलॉल किंवा ऑक्सिमेथोलोन.

बाहेरून इतका हार्मोन आला की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही वृषणांना चालना देणारी हार्मोन्स सोडणं थांबवते. वृषणांना कामाचा निरोपच जात नाही, ते आक्रसतात, शुक्राणू घटतात. जादा टेस्टोस्टेरॉनचं काही प्रमाणात इस्ट्रोजेन होतं, त्यातून छातीत गाठ येते. ती दाबायला ॲनॅस्ट्रोझोल, वृषण जागे ठेवायला एचसीजी. म्हणजे एका औषधाचे परिणाम झाकायला आणखी दोन औषधं.

हे बाहेरून दिसणारं. जीव जातो तो हृदयापायी. एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, काही आठवड्यांतच घसरतं, विशेषतः गोळ्यांनी. एलडीएल चढतं. तांबड्या पेशी वाढून रक्त दाट होतं. उपचारासाठी टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या रुग्णाचं हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) 54 टक्क्यांवर गेलं की डॉक्टर औषध थांबवतात, गैरवापर करणाऱ्याचं मोजतंच कोण? रक्तदाब वाढतो, हृदयाच्या डाव्या जवनिकेची (खालच्या कप्प्याची) भिंत जाड होते, आणि जाड झालेला स्नायू नीट सैल पडत नाही. गोळ्यांच्या रेणूत असा बदल केलेला असतो की यकृताला त्या चटकन मोडता येत नाहीत, म्हणून यकृताला इजा. स्नायू झपाट्याने वाढतात, पण कंडरा त्या वेगाने बळकट होत नाहीत, म्हणून दंडाचे आणि छातीचे स्नायू हाडापासून फाटतात.

आणि मग तो माणूस फाटलेला खांदा घेऊन वर्षाला 200 हून अधिक रात्री पडतो, आपटतो. वेदनेसाठी हायड्रोकोडोन, झोपेसाठी अल्प्राझोलॅम, स्नायू सैल करायला कॅरिसोप्रोडॉल. कमी वयातल्या मृत्यूंमध्ये हे मिश्रण असतं. ब्रायन पिलमन 35, ब्रिटिश बुलडॉग 39, रिक रूड 40. यांतल्या एकाचंही कारण फक्त 'स्टेरॉइड' असं लिहू नये. पण हृदय आधी कुणी पोखरलं, हे विचारावंच लागतं.

निपाणीकर

हेमंगीताई, फार उपयोगी प्रतिसाद. एक विचारू का? रेसलर 'सुपरस्टार' बिली ग्रॅहमच्या खुब्याचं काय झालं होतं?

हेमंगी_रसायन

खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून हाड मरतं, तो प्रकार. सांधा बदलावा लागला. त्याने झहोरियनवर आणि कंपनीवर दावाही लावला होता. पण तोच ग्रॅहम पुढे इतरांवर केलेले काही आरोप खोटे होते असं कबूल करून बसला. व्यवस्थेचा बळी आणि खोटं बोलणारा ही दोन वेगळी माणसं असतीलच असं नाही, आणि पंचकडींचा मूळ मुद्दा इथे मला पटतो.

खडूफळा

आता चाचणीबद्दल, कारण 'टेस्ट पास झाला म्हणजे स्वच्छ' हा गैरसमज घट्ट बसलाय.

लघवीत टेस्टोस्टेरॉन आणि एपिटेस्टोस्टेरॉन यांचं गुणोत्तर बघतात. बहुतेक पुरुषांत ते 1:1 च्या आसपास. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की पहिलं वाढतं, दुसरं घटतं. वाडाची (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची) मर्यादा आधी 6:1 होती, 2005 पासून 4:1. पण काही लोकांत एक जनुक जन्मतःच नसतं, पूर्व आशियात हे प्रमाण बरंच आहे. असा माणूस इंजेक्शन घेऊनही मर्यादेच्या आत राहू शकतो. म्हणून पुढची पायरी कार्बनच्या समस्थानिकांची. औषधी टेस्टोस्टेरॉन सोयाबीनसारख्या वनस्पतींपासून बनतं, त्यात जड कार्बन शरीरात बनणाऱ्या हार्मोनपेक्षा किंचित कमी असतो. तो फरक यंत्राला दिसतो. याच्या जोडीला त्याच माणसाच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी ठेवल्या तर एखादी उडी चटकन लक्षात येते.

नमुना घेण्यातच अर्धी लढाई असते. कळवल्या क्षणापासून माणूस नजरेआड होता कामा नये. लघवी देताना त्याच लिंगाचा निरीक्षक प्रत्यक्ष बघणार. किमान 90 मिलिलिटर, दोन बाटल्यांत विभागून, मोहोरबंद. पाणी पिऊन पातळ केली असेल तर पुन्हा द्यायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आधी सूचना नको. नँड्रोलोनचे अवशेष महिनोन्‌महिने सापडतात, पण कमी काळ टिकणारे प्रकार काही दिवसांत निघून जातात. पूर्वसूचना देऊन घेतलेल्या चाचणीत फक्त बेफिकीर सापडतात.

आता हा आकडा वाचा. एडी गेरेरो 13 नोव्हेंबर 2005 ला मिनियापोलिसच्या हॉटेलात हृदयविकाराने गेला, 38 व्या वर्षी. त्यानंतर फेब्रुवारी 2006 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने वेलनेस कार्यक्रम (उत्तेजक चाचणी आणि आरोग्यतपासणीचा) जाहीर केला. अमेरिकी काँग्रेसच्या समितीचे हेन्री वॅक्समन यांनी जानेवारी 2009 मध्ये लिहिलेल्या पत्रानुसार, कार्यक्रमाच्या पहिल्या वर्षी, आधी इशारा देऊनही, 40 टक्के रेसलर स्टेरॉइड्स किंवा इतर औषधांसाठी पॉझिटिव्ह आले.

इशारा देऊन 40 टक्के. नुसत्या वैयक्तिक मोहाने हे होत नाही.

पंचकडी

40 टक्के म्हणजे 60 टक्के नव्हते सापडले, हेही लिहा. आणि सापडू नये म्हणून हुशारी करणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही, वाढते.

खडूफळा

हो, वाढते. मी ती नाकारत नाहीये. पण पळवाट कंपनीच्या नियमातच असेल तर? टेस्टोस्टेरॉन कमी असल्याचा दाखला आणला की उपचारासाठी सूट मिळायची. मुळात ते कमी का झालं? हेमंगींनी वर सांगितलंच आहे, वर्षानुवर्षं बाहेरून घेतल्यामुळे. म्हणजे आधीच्या गैरवापरामुळे पुढच्या वापराला परवानगी. या सवलती तपासणाऱ्या डॉक्टरनेच समितीला सांगितलं होतं की जवळपास प्रत्येक प्रकरणात काहीतरी संशयास्पद होतं.

सातवाहन_पुणे

क्रिस बेन्वा राहिला. 'रॉइड रेज'चं, म्हणजे स्टेरॉइडमुळे चढणाऱ्या संतापाचं, याहून मोठं उदाहरण कोणतं?

हेमंगी_रसायन

इथे कृपया जपून लिहू या. जून 2007 मध्ये जॉर्जियातल्या फेएटव्हिलला त्याने पत्नी नॅन्सी आणि 7 वर्षांचा मुलगा डॅनियल यांचा जीव घेतला, मग स्वतःचा. मेले ती खरी माणसं होती, त्यातलं एक लहान मूल.

त्याच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनची पातळी खूप जास्त आढळली, शिवाय हायड्रोकोडोन आणि अल्प्राझोलॅम. पण राज्याच्या मुख्य वैद्यकीय तपासनीसांनी तेव्हाच स्पष्ट केलं की यावरून स्टेरॉइडने हे घडवलं असं म्हणता येत नाही. नंतर मेंदू तपासला गेला. ज्युलियन बेल्स यांच्या गटाला त्यात वारंवार मार बसून झालेली मोठी इजा दिसली, अल्झायमर झालेल्या 85 वर्षांच्या माणसासारखी. वरच्या दोरावरून डोकं आपटणं हा त्याचा नेहमीचा डाव होता, आणि डोक्यावर खुर्च्या खाणं तेव्हा चालायचं.

'रॉइड रेज' म्हणून मोकळं झालं की मेंदूचा मार, वेदनाशामकं, नैराश्य, घरातला हिंसाचार सगळं बाजूला पडतं. त्याची जबाबदारीही या कारणांनी पुसली जात नाही. एवढंच, की एका बाटलीवर खापर फोडू नये.

खडूफळा

बेन्वाच्या प्रकरणात चाचणीवाल्यांनी शिकावं असं मात्र बरंच आहे. डब्ल्यूडब्ल्यूईने सांगितलं की 10 एप्रिल 2007 ची त्याची चाचणी निगेटिव्ह होती. आणि सरकारी शपथपत्र म्हणतं की कॅरोल्टनचा डॉक्टर फिल ॲस्टिन मे 2006 ते मे 2007 या काळात त्याला दर तीन-चार आठवड्यांनी दहा महिने पुरतील इतकी स्टेरॉइड्स लिहून देत होता. दोन्ही गोष्टी एकाच वर्षातल्या. ॲस्टिनला बेकायदा औषधं लिहून दिल्याबद्दल मे 2009 मध्ये 10 वर्षांची शिक्षा झाली.

फेब्रुवारी 2007 मध्ये ऑरलँडोच्या सिग्नेचर फार्मसीवर न्यू यॉर्कमधल्या ऑल्बनीच्या सरकारी वकिलांनी कारवाई केली. ऑनलाइन मागणी, रुग्ण कधी न पाहिलेला डॉक्टर सही करणार, माल घरी. गिऱ्हाइकांची यादी बाहेर आली आणि ऑगस्ट 2007 च्या शेवटी डब्ल्यूडब्ल्यूईने 10 रेसलरांना निलंबित केलं. त्यांना प्रयोगशाळेने पकडलं नव्हतं, दुकानाच्या वहीने पकडलं. लघवी तपासून एका दिवसाचं कळतं, औषधाची बिलं तपासली तर वर्षाचं कळतं. उद्या कुणी मला नियम लिहायला सांगितले तर पहिली अट हीच घालीन: प्रत्येक रेसलरच्या सगळ्या प्रिस्क्रिप्शनची नोंद एका स्वतंत्र डॉक्टरकडे, आणि नोंदीबाहेरचं औषध सापडलं की तोच गुन्हा.

निपाणीकर

आपल्याकडच्या खऱ्या कुस्तीशी तुलना करून बघा, म्हणजे 'वैयक्तिक जबाबदारी' किती कडक असू शकते ते कळेल.

नरसिंग यादव. मुंबईत घडलेला मल्ल, महाराष्ट्र पोलिसांत अधिकारी, 2011 ते 2013 सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी. रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर, 25 जून आणि 5 जुलै 2016 च्या नमुन्यांत मेथँडिएनोन सापडलं. त्याचं म्हणणं, खाण्यापिण्यात कुणीतरी कालवलं. नाडाच्या (भारताच्या उत्तेजकविरोधी संस्थेच्या) समितीने ते मानून 1 ऑगस्टला त्याला मोकळं केलं. वाडाने क्रीडा लवादाकडे अपील केलं, आणि 18 ऑगस्टला, लढतीच्या ऐन तोंडावर, चार वर्षांची बंदी आली. तज्ज्ञांचं मत असं पडलं की सापडलेलं प्रमाण पाण्यात पूड मिसळून आलेलं वाटत नाही, एखाद-दोन गोळ्या पोटात गेल्यासारखं आहे.

वाडाचा नियम सरळ आहे: तुझ्या शरीरात सापडलं, तू जबाबदार. कुणी घातलं हे सिद्ध करायचं ओझं तुझ्यावर. तालमीतल्या पोराने थंडाई कुणी घोटली, डबा कुणी उघडला, सप्लिमेंटचा बॅच नंबर काय, हे सगळं लक्षात ठेवायचं. नियम कठोर आहे, पण सगळ्यांना सारखा.

आता डब्ल्यूडब्ल्यूई. तिथला ब्रॉक लेस्नर जुलै 2016 मध्ये यूएफसी 200 या खऱ्या लढतींच्या स्पर्धेत लढला. त्याच्या दोन नमुन्यांत क्लोमिफीन सापडलं. नेव्हाडाच्या कमिशनने वर्षाची बंदी आणि अडीच लाख डॉलर दंड केला. आणि ऑगस्टमध्ये तो समरस्लॅममध्ये रँडी ऑर्टनशी खेळला. का? तर अर्धवेळ काम करणाऱ्यांना वेलनेस पॉलिसीचे ते नियम लागू नाहीत, असं कंपनीने सांगितलं.

एकाच उन्हाळ्यात दोन मल्ल. एकाची चार वर्षं गेली. दुसऱ्याला करमणुकीच्या रिंगणात एक दिवसही बाहेर बसावं लागलं नाही.

सातवाहन_पुणे

क्लोमिफीन तर बायकांना गर्भधारणेसाठी देतात ना?

हेमंगी_रसायन

बरोबर. पुरुषाने घेतलं तर मेंदूला इस्ट्रोजेन दिसेनासं होतं, मग पिट्युटरी जास्त एलएच सोडते आणि वृषण पुन्हा कामाला लागतात. स्टेरॉइड्स थांबवल्यावर ते चालू करायला अनेक जण घेतात, म्हणून ते बंदीच्या यादीत आहे. एखाद्याने आधी स्टेरॉइड घेतलंच होतं, हे मात्र नुसत्या क्लोमिफीनवरून ठरत नाही.

अरुंधती_पै

निपाणीकर, तुलना समर्पक आहे, फक्त एक फरक ध्यानात घ्या. वाडाच्या व्यवस्थेत आरोपीला सुनावणी आहे, फेरतपासणीसाठी 'बी' नमुना आहे, स्वतंत्र लवाद आहे. नरसिंग हरला, पण त्याला बाहेरच्या पंचापुढे उभं राहता आलं. डब्ल्यूडब्ल्यूईत नियम करणारी, तपासणीचं बिल भरणारी, शिक्षा देणारी आणि पुढच्या महिन्यात पट्टा कुणाला द्यायचा ते ठरवणारी एकच कंपनी.

शिवाय रेसलर कर्मचारी नाहीत, कागदोपत्री स्वतंत्र कंत्राटदार आहेत. हॉटेल, भाड्याची गाडी, आरोग्यविमा ज्याचा त्याने बघायचा. युनियन नाही. 2008 मध्ये रेव्हन, क्रिस कॅनियन आणि माइक सँडर्स यांनी याच वर्गीकरणावर दावा लावला होता. मुदतीच्या मुद्द्यावर 2009 मध्ये तो फेटाळला गेला. अमेरिकी बेसबॉलमध्ये चाचणीचे नियम युनियनशी बोलणी करून ठरतात. इथे 'तुझं शरीर ही तुझी जबाबदारी' हे वाक्य कंत्राटदाराला सांगितलं जातं, पण कधी, कुठे, किती रात्री आणि कोणत्या कपड्यांत उतरायचं ते कंपनी सांगते.

दवंडी

तरी वेलनेस पॉलिसीने काही चांगलं केलं तेही लिहायला हवं, नाहीतर चर्चा एकांगी होईल. हृदयाच्या चाचण्या सुरू झाल्या. 2007 मध्ये एमव्हीपी या रेसलरला हृदयाच्या ठोक्यांचा जन्मजात दोष आहे हे त्यातूनच कळलं. त्याच वर्षापासून माजी रेसलरांना व्यसनमुक्ती उपचाराचा खर्च कंपनी देते. पहिल्या गुन्ह्याला 30 दिवस बिनपगारी, दुसऱ्याला 60, तिसऱ्याला करार रद्द. आणि 1 नोव्हेंबर 2007 नंतर नाव जाहीर. रे मिस्टेरिओ आणि रँडी ऑर्टन दोघांनीही 60 दिवस भोगले, म्हणजे मोठी नावं अगदीच वाचली नाहीत. 2009 मध्ये उमागाने दुसऱ्या गुन्ह्यानंतर उपचाराला नकार दिला, त्याला काढलं. सहा महिन्यांत तो गेला, 36 वर्षांचा.

पंचकडींना हवी तशी जबाबदारी 2016 मध्ये रोमन रेन्सने घेतली. कंपनीचा सगळ्यात मोठा चेहरा, निलंबित झाला, आणि घरच्यांची, मित्रांची, चाहत्यांची माफी मागून कोणतीही सबब सांगणार नाही, चूक माझी, असं लिहिलं. 1991 च्या होगनच्या शेजारी ठेवून बघा.

पंचकडी

रेन्सचं उदाहरण दिल्याबद्दल आभार. मला हेच म्हणायचं होतं, हे शक्य असतं.

उमागाबद्दल वाचून मात्र थांबलो. काढून टाकणं ही शिक्षा झाली, पण ज्याला उपचार नको आहेत त्याचा पगार आणि रोजचा संपर्क दोन्ही तोडले तर पुढे काय होणार? रेसलरला जबाबदार धरायचंच, पण झहोरियनला, ॲस्टिनला, फार्मसीला आणि करार लिहिणाऱ्यालाही त्याच ओळीत उभं करा, हे मान्य. लेस्नरला मिळालेली सूट तर कोणत्याही बाजूने समर्थनीय नाही.

सातवाहन_पुणे

एक वेगळा प्रश्न. हे अमेरिकेचं झालं. आमच्या भागातल्या जिममध्येही पोरं नँड्रोलोन घेतात, मेफेंटरमिनची इंजेक्शनं तर सर्रास. एखाद्याला सोडायचं असेल तर करायचं काय? एकदम बंद करावं?

हेमंगी_रसायन

आधी मेफेंटरमिन वेगळं काढा. ते स्टेरॉइड नाही, शस्त्रक्रियेत घसरलेला रक्तदाब चढवायचं औषध आहे. व्यायामाआधी टोचलं तर रक्तदाब आणि ठोके दोन्ही उसळतात, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. सवयही लागते. त्याचा डोस कमी करत नेणं वगैरे प्रयोग घरी नकोत. घेणं थांबवून थेट डॉक्टरकडे.

स्टेरॉइड्सबद्दल: थांबवल्यावर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन लगेच परतत नाही. काही महिने लागतात, दीर्घकाळ घेतलं असेल तर वर्ष किंवा त्याहून जास्त. या काळात थकवा, झोप उडणं, कामेच्छा जाणं, आणि खोल नैराश्य येतं. बहुतेक जण याच टप्प्यावर पुन्हा सुई उचलतात, काहींच्या मनात आत्महत्येचे विचार येतात. म्हणून घरच्यांना सांगून ठेवायचं, आणि असा विचार आला तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ किंवा टेलिमानसचा 14416. हार्मोनतज्ज्ञाकडे जाताना काय, किती, किती काळ घेतलं ते खरं सांगायचं. डॉक्टर पोलिसांत देत नाही. एचसीजी, क्लोमिफीन जिमच्या ट्रेनरच्या सल्ल्याने घेऊ नका, तेही औषधच आहे.

तपासण्या: एकूण टेस्टोस्टेरॉन, सकाळी 7 ते 10 च्या दरम्यान, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी. एलएच, एफएसएच, इस्ट्राडिओल. रक्ताची पूर्ण तपासणी, त्यात हिमॅटोक्रिट. कोलेस्टेरॉल. ईसीजी आणि इको. सुई एकमेकांची वापरली असेल तर एचआयव्ही, कावीळ बी आणि सी.

खडूफळा

हेमंगींच्या यादीला प्रयोगशाळेच्या बाजूने दोन गोष्टी जोडतो. जड व्यायाम करणाऱ्याचे एएसटी आणि एएलटी (यकृतासाठी तपासतात ते आकडे) नुसत्या स्नायूंमुळेही वाढलेले येतात, म्हणून यकृतासाठी जीजीटी सोबत मागा. आणि केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बंद ठेवा. अनेक यंत्रांवर बायोटिनमुळे टेस्टोस्टेरॉन खोटं जास्त आणि एलएच खोटं कमी दिसतं, म्हणजे स्टेरॉइड सोडलेल्या माणसाचा अहवाल अजून घेत असल्यासारखा येतो.